ओठ दिसण्यापुरता उजेड

माझी थोरली बहीण सात वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचं ऐकू येणं गेलं. बोलणं तेवढं टिकलं. शाळा मात्र तिथेच सुटली, त्यामुळे तिला काही लिहून कळवायची सोय नाही. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. ती तेल्हाऱ्याला, मी अमरावतीला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटायचो. माझ्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा फुटलेला, म्हणून मी जुन्या लॅपटॉपवरून बोलायचे. मी सांगत राहायचे, ताई हसायची, मान डोलवायची, मग वाळत घातलेली तूर दाखवायची.

मागच्या वर्षी माझ्या छातीतली एक गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण तपासणीचा कागद हातात येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. कागद आला त्या रविवारी ताईला सगळं सांगितलं. ती हसली, "बरं झालं" म्हणाली आणि सुनेने घातलेले सांडगे दाखवू लागली.

मला ते फार लागलं. त्यानंतर दोन महिने मी काही ना काही निमित्त काढून कॉल टाळला. शेवटी तिच्या सुनेचाच फोन आला.

"मावशी, रागावल्या का? आई रोज विचारते."

गाठीचं नाव न काढता मी मनातलं बोलून टाकलं: त्या रविवारी एवढं मोठं काही सांगितलं आणि ताई नुसती हसली.

"आईले तुमचे ओठच दिसत नाहीत, मावशी. फोन ठेवला का मले विचारते, काय म्हणे म्हणून. त्या दिवशी मी घरी नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी वेबकॅम आणला. खोक्यावर फुल एचडी लिहिलेलं होतं. लावून पाहिला तर माझा चेहरा आधीसारखाच पुसट. मी तो घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने तो उघडून आतला चित्र टिपणारा नखाएवढा सेन्सर दाखवला.

"हा टिपते चित्राचे थोडेच ठिपके. बाकीचे सॉफ्टवेअर अंदाजानं भरते. तुमी बसता कुठं?"

"खिडकीकडे पाठ करून. संध्याकाळी."

"मंग कसं दिसणार? उजेड कमी असला का सेन्सर एकेका चित्राले जास्त वेळ घेते. तेवढ्यात ओठ हलून जातात."

मी घरी आले ती अस्वस्थच. इतके दिवस माझ्या ओठांच्या जागी ताईला एक हलता डाग दिसत होता, आणि त्या डागाकडे बघून ती दर रविवारी हसत होती.

दुरुस्तीवाल्याने दुसरा कॅमेरा दिला होता, खोक्यावर लिहिलेले तेवढे ठिपके खरोखर टिपणारा. टेबल मी खिडकीसमोर ओढलं आणि रविवारी सकाळी दहाला कॉल लावला. ताई पडद्याजवळ सरकली.

"आता दिसून राहिली तू," ती म्हणाली. मग माझे बसलेले गाल निरखून पाहत, "वायली काहून इतकी?"

मी सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. ती या वेळी हसली नाही.

"मले सांगतलं नाही?"

"सांगितलं होतं, ताई. तू बरं झालं म्हणालीस."

तिने पदर तोंडाला लावला. "मले वाटलं, तुह्या पोराची परीक्षा झाली असं म्हणून राहिली तू."

"मग परत विचारायचं ना."

"किती डाव इचारू? दरवेळी समजलं नाही म्हटलं असतं, त तू बोलणंच सोडलं असतं."

दोन महिने मी तेच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी. अकोल्याला एसटी बदलून एकटीच आली होती. पाणीसुद्धा न पिता मला आतल्या खोलीत नेलं आणि व्रण दाखव म्हणाली. त्यावरून बोट फिरवलं, माझ्या ब्लाउजची बटणं स्वतः लावली आणि मला जवळ घेऊन बराच वेळ बसली. मग बाहेर येऊन माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमी तरी कळवाचं होतं."

तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"वर पाहून बोला," ताई म्हणाली.

त्याने मान वर केली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला सुरुवात केली.