पायात कुणी बांगड्या भरल्या होत्या?

‘नाव आज देत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘दिवाळीपर्यंत थांबू. तोवर हे दुखणं आपणहूनच सांगेल, ते कोणतं आहे ते.’

आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिला नाव हवं होतं, म्हणजे त्यावरचं औषध मागता आलं असतं. मला नाव नको होतं. मी दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसले होते.

कर्जतच्या एका धर्मादाय दवाखान्यात तेव्हा महिन्यातून एकदा मुंबईहून सांध्यांचे डॉक्टर येत. मोहोपाड्याहून एसटीनं चौक गाव, तिथून दुसऱ्या गाडीनं कर्जत, असे आम्ही गेलो होतो. पोशीरची काकू आम्हाला तिथेच भेटली. तिला यायलाच हवं होतं, कारण दोष तिच्या घरी लागला होता असं तिचं मत होतं.

ते आधी सांगायला हवं.

वडील कारखान्यात होते, आम्ही स्टाफ कॉलनीत राहत होतो. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले आराखडे मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचे, हे माझं काम. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं. दिवसभर हात बोलायचे. नोकरी अजून कायम झाली नव्हती. दिवाळीनंतर होणार होती, आणि ती माझ्या रेघांवर ठरणार होती.

शिमग्यापासून सकाळी बोटं मिटेनाशी झाली होती. दुखण्यापेक्षा आखडल्यासारखी वाटत, जणू रात्री कुणी त्यांत खळ ओतून ठेवली आहे. ऑफिसला पोचेपर्यंत ती सुटत, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

वैशाखात काकूच्या मुलीचं लग्न होतं. रिवाजाप्रमाणे कासारीण घरी आली आणि घरातल्या साऱ्या बायकापोरींना हिरव्या बांगड्या भरू लागली. घट्ट बांगडी ही आमच्याकडे शोभा समजतात, आणि लहान मापाची बांगडी बसवणं ही कासारणीची शान. माझा हात दोन-चारचा. आदल्या संक्रांतीला त्याच मापाच्या बांगड्या सहज गेल्या होत्या.

‘हात ढिला सोड गं,’ ती म्हणाली. ‘लोखंडाचा हाय काय?’ आणि तिनं बोटांच्या मुळाशी माझा पंजा मुठीत धरून दाबला.

मी ओरडले. अंगण हसलं.

‘इंग्रजी शाळेचा हात हाय तो,’ काकू म्हणाली. ‘त्याला थँक्यू म्हन, मग जाईल बांगडी.’

साबण लावून बांगड्या चढल्या. लग्नानंतर हात सुजले, आणि घरात सगळ्यांना कारण आयतं मिळालं. कासारणीनं हात पिळला. काकूनं तिला नेरळच्या बाजारात गाठून सुनावलं. आईनं हळद-मिठाचा शेक दिला, आंबेहळदीचा लेप लावला. शिमग्यापासूनच्या सकाळी मला आठवत होत्या, पण मीही कासारणीचंच नाव घेत राहिले. पिळलेला हात बरा होतो. याचा आधार वाटायचा.

आषाढ गेला तरी सूज हलली नाही, तेव्हा आम्ही कर्जतला आलो.

काकूनं डॉक्टरांना कासारणीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती मधे न बोलता ऐकली. मग शेकहँड करतात तसा माझा पंजा धरून बोटांच्या मुळांवर बाजूनं हलकेच दाब दिला. तीच जागा, तीच कळ. डावा हात धरला. तिथेही तीच.

‘चपला काढा,’ ते म्हणाले. त्यांनी पाऊल बोटांच्या मागे तसंच दाबलं आणि मी पाय ओढून घेतला.

‘पायात कुणी बांगड्या भरल्या होत्या?’

काकू हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. सकाळी फरशीवर पहिलं पाऊल टाकताना खडीवर चालल्यासारखं वाटतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

‘आता आलेच हाय तर माझेबी बघा,’ काकू म्हणाली आणि तिनं आपले हात टेबलावर ठेवले. लावणीच्या दिवसांत तिला ताप येऊन गेला होता, आणि तेव्हापासून तिचीही बोटं सुजली होती. शेजारी शेजारी ठेवलेले आमचे हात सारखेच दिसत होते. तिचे उन्हानं रापलेले, माझे शाईचे डाग पडलेले, इतकाच फरक.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. त्यांना शंका होती ती रूमेटॉइड आर्थ्रायटिसची. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते, सांधे सुजतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं झिजून बोटं वाकडी होतात. ‘पण सांधे दुखणाऱ्या सगळ्यांना ते होत नाही. काहींचं दुखणं तापामागून येतं आणि निघून जातं. काहींचं येत-जात राहतं. काहींचं राहतं. पहिल्या दिवशी तिघंही सारखेच दिसतात.’

म्हणून पाहायचं होतं ते असं. सूज दोन्ही बाजूंना सारखी आहे का. लहान सांध्यांत आहे का. आणि सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो. त्यांनी दोघींना ईएसआर ही तपासणी सांगितली; रक्तातल्या तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते पाहून शरीरात दाह आहे का हे कळतं. दुसरी आरए फॅक्टर, म्हणजे या आजारात पुष्कळांच्या रक्तात सापडणारं एक द्रव्य. शिवाय हातांचा एक्स-रे.

एक्स-रेवाल्यानं बांगड्या काढायला सांगितलं. त्या निघेनात. आई म्हणाली, लग्नाचा चुडा असा फोडायचा नसतो. तेल लावून झालं, साबण झाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकूनं हातरुमाल मागितला. ‘काच बाजारात मिलंल. बोट कुठून आनशील?’ ती आईला म्हणाली, आणि रुमालात गुंडाळून एकेक बांगडी तिनं वाढवली. मला एक ओरखडाही आला नाही.

एक्स-रे स्वच्छ आला. रक्ताच्या तपासण्यांची उत्तरं पुढच्या खेपेला मिळाली. ईएसआर दोघींची वाढलेली होती, पण माझा आरए फॅक्टर निगेटिव्ह होता. काकूचा किंचित पॉझिटिव्ह.

आईनं त्याच संध्याकाळी देवीला नारळ फोडला.  काकूला तिच्या घरी कुणी पाण्याची कळशी उचलू देईना. ‘कागदानं मला आजारी केलं,’ ती म्हणे. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. डॉक्टर मात्र दोन्ही कागद वाचूनही तेच म्हणाले होते. ‘थांबू. हे द्रव्य ताप येऊन गेलेल्यांतही कधी सापडतं, आणि आजार असलेल्यांत सुरुवातीला सापडतही नाही. मला कागदापेक्षा तुमच्या सकाळी हव्यात.’

मग मी माझ्या सकाळी मोजू लागले. कॉलनीत वेळ कारखान्याच्या भोंग्यावर चालते. पहिल्या पाळीच्या भोंग्याला मी उठायची आणि उशीवरच मूठ मिटून पाहायची. मिटत नसे. तासाभरानं जनरल शिफ्टचा भोंगा झाला की मिटायची. श्रावणात असं होतं. गणपती गेले तरी जनरल शिफ्टच्या भोंग्यालाही ती अर्धीच मिटू लागली. दुधाच्या पिशवीचा कोपरा मी दातांनी फाडत असे, आई अंघोळीला गेली की.

ऑफिसात सकाळी मी जाड रेघांची कामं मागून घेई. बारीक अक्षरं दुपारी. एकदा गोल काढताना शाईचा थेंब सुटला आणि अख्खा आराखडा गेला.  मी घरी येऊन हात गरम पाण्यात बुडवून बसले आणि दिवाळी येऊ नये असं वाटलं.

नवरात्रात पोशीरला गेले तेव्हा काकू जात्यावर बसली होती. जातं फिरत होतं.

‘काकू, हात?’

‘गेलं गं,’ ती म्हणाली. ‘कवा गेलं ते बी कललं नाय.’ मग तिनं जातं थांबवलं, माझा हात घेतला आणि पीठ लागलेल्या अंगठ्यानं सांध्यांवरून फिरवला. ‘माजा कागद वाईट आनि मी बरी. तुजा कागद चांगला.’ पुढचं ती बोलली नाही. मला तिथेच कळलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी हात दाबले, पाय दाबले, मनगटं पाहिली. सकाळची चौकशी केली. मी भोंग्यांचं सांगितलं, दुधाच्या पिशवीचंही सांगितलं. आई समोर होती.

‘आता नाव देतो,’ ते म्हणाले. ‘रूमेटॉइड आर्थ्रायटिस.’

आईनं निगेटिव्ह कागद पुढे केला. ‘तो पुन्हा काढू,’ ते म्हणाले, ‘पण त्यासाठी थांबणार नाही. हाडं अजून चांगली आहेत. आपण लवकर आलोय.’ पुढच्या तपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, पण तोवर औषध सुरू झालं होतं.

आधी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या, पोट सांभाळून. मग सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं, दर आठवड्याला, आणि त्यांनी मूत्रपिंडाला किंवा रक्ताला इजा होऊ नये म्हणून वरचेवर लघवी आणि रक्त तपासणं. सोनं म्हटल्यावर आईनं माझं मनगट हातात घेतलं. ‘मी तुझ्या हातात घालायला जमवत होते,’ ती म्हणाली. ‘ते असं घालायचं होतं.’

नोकरीचं राहिलं होतं. लपवलं तर एक दिवस रेघच सांगणार होती, म्हणून मी ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी माझा आदल्या दिवसाचा आराखडा उजेडाला धरला.

‘यात हात हललेला दिसत नाही.’

‘दुपारचा आहे, सर. सकाळी हलतो.’

‘मग सकाळी छापील प्रती तपासत जा. शाई दुपारी.’ आणि त्यांनी दुसरी फाइल ओढली. मी कायम झाले, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

ज्यांची बोटं सकाळी मिटत नाहीत त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. तुमचं दुखणं माझ्या काकूसारखं निघून जाणारं असेल, किंवा माझ्यासारखं राहणारं. पहिल्या दिवशी कुणालाच ते सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही. पण तुमच्या सकाळी खऱ्या सांगा. हाताचं कारण सापडलं तरी पाय विसरू नका. मी बरी झालेले नाही. सूज पुष्कळ उतरली आहे, पेनाला चिंध्या गुंडाळून मी ते जाड केलं आहे, आणि जनरल शिफ्टच्या आधी माझी मूठ मिटते.

संक्रांतीला मी पोशीरला असताना कासारीण आली. मला पाहून ती पेटी आवरू लागली. काकूनं तिला बसवलं, चहा दिला. बाजारातलं भांडण त्यातच मिटलं.

मी पुढे होऊन हात दिला. ‘दोन-आठच्या भरा,’ मी म्हणाले.

‘येवढ्या? चुलीपाशी वाकलीस तर पिठात पडतील गं,’ ती म्हणाली. बायका हसल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. एरवी मी तिथून आत गेले असते.

‘पडू देत,’ मी म्हणाले. ‘मला संधिवात आहे. दाबायचं नाही.’

कुणी हसलं नाही. तिनं दोन-आठची हिरवी बांगडी निवडली, आणि हात न धरता माझ्यापुढे केली. ती मी माझ्याच हातानं चढवली.