इंजिन फेल आणि हात मांडीवर

हवाई दलातून रिटायर झाल्यावर सिव्हिल नोकरीसाठी दिलेल्या पहिल्याच चाचणीत, इंजिनाची ताकद गेली असताना मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

त्याला कारण होतं. मी एअर फोर्समध्ये फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होतो. शेजारच्या कॅडेटला त्याची चूक आपणहून उमगू द्यायची, अगदी गळ्याशी आलं की मगच कंट्रोल घ्यायचा, ही आमची रीत. ती हाडीमाशी मुरली होती.

हुबळीजवळच्या एका फ्लाइंग क्लबला इन्स्ट्रक्टर हवा होता. ही नोकरी हुकली तर थोरल्या भावाच्या, अण्णांच्या कापड दुकानात गादीवर बसायचं, हे ठरलेलं. अण्णांनी माझा लोड आधीच शिवून घेतला होता.

सकाळी परीक्षकांसोबत टेक-ऑफ केला. वयस्क कॅप्टन, मितभाषी. मिरचीच्या शेतांवर आल्यावर त्यांनी न बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढला. इंजिन फेल झालं तर मी काय करतो, ते त्यांना बघायचं होतं. मला वाटलं, गडी चुकला. बघू या, कधी लक्षात येतं. मी त्यांची वाट बघतोय, ते माझी. विमान खाली चाललेलं.

"विमान कोण उडवतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ना?"

"यप्पा! अहो, परीक्षा तुमची चाललीय!"

"आय हॅव कंट्रोल." मी थ्रॉटल खाडकन पुढे ढकलला. उतरणीत गार पडलेलं इंजिन एकदा खोकलं आणि खरोखरच बसलं. खाली लाल मिरच्या दिसू लागल्या.

तेव्हा सदा आठवला. फ्लाइट लेफ्टनंट सदाशिव, धारवाडचा, माझा बॅचमेट. तोही इन्स्ट्रक्टर. अशाच एका सकाळी कॅडेटला संधी देताना तो जरा जास्त थांबला. दोघंही परतले नाहीत. तो म्हणायचा, "इंजिनाला दटावू नको रे शंकऱ्या, गोंजार."

थ्रॉटल मागे घेतला. मग हळूहळू पुढे. इंजिनाने धरलं.

उतरल्यावर कॅप्टननी विमानाला टेकूनच माझ्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "नोकरी तुमची. फक्त मला परत बरोबर घेऊ नका."

मी थेट धारवाड गाठलं. सदाच्या आईला, अक्कांना, पेढे दिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा पेढा सदाच्या फोटोपुढे ठेवला, अर्धा तोंडात टाकला.

"सदा सुट्टीवर आला की म्हणायचा," त्या म्हणाल्या, "त्या शंकऱ्याला विमान कशाला देतात? बैलगाडी द्या. हा झोपला तरी बैलं घरी आणून सोडतील."