पाठ केलेला तक्ता

स्पिरिटचा वास आला की आंबीच्या कारखान्यातली डोळ्यांची तपासणी आठवते. मी तिथं क्रेन चालवायचो. नापास झालो तर क्रेन सुटेल, या धास्तीनं समोरचं सगळं धुरकट दिसायला लागलं होतं. म्हणून अक्षरांचा तक्ताच पाठ करून गेलो आणि धडाधड म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, यंदा तक्ता बदललाय." "म्हंजे माजे डोळे गेले व्हय? आठवडा झाला, झोप न्हाई." "डोळे नाही, झोपच गेलीय. मनावर ताण आला की नजर ठरत नाही. निकाल लिहीत नाही, दोन दिवस झोपून या." तिसऱ्या दिवशी नवा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आता क्रेन सुटूनही वर्षं झाली. झोप येईना की मी तो जुना तक्ता म्हणत पडतो.