एकोणपन्नास नंबरची आजी

मला मराठी आकडे येत नाहीत, हे नांदेडला नर्सिंगला येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लातूरला माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात मराठीच बोलायचो, पण मोबाईल नंबर, मार्क, तारखा सगळं इंग्रजीत. जळकोटकडच्या चुलत बहिणी सुट्टीत आल्या की "मॅडम, बासष्ट म्हणजे किती सांगा बरं" म्हणून मला मधे घ्यायच्या. मी पाणी प्यायला म्हणून उठून आत जायची. न कळलेलं विचारायचं नाही आणि चेहरा कळल्यासारखा ठेवायचा, ही सवय तेव्हापासूनची.

वॉर्डात ही सवय पहिल्यांदा पकडली गेली ती एका सुनेमुळे. तिनं सासूची लघवी मापात धरून मला सांगितलं, "पावणेदोनशे." मी चार्टवर लिहिलं, टू सेव्हंटी फाइव्ह. पावणे म्हणजे वर पाऊण, असं मी आपलं धरून चालले होते. डॉक्टरांनी राऊंडला ते पाहिलं, सुनेला विचारलं, आणि चूक बाहेर आली. आमच्या ट्यूटर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अशी अजून एक चूक झाली तर कॉलेज मला घरी पाठवेल. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्त खरं वाटलं.

दुसरी चूक एप्रिलमधली. दुपारच्या ड्यूटीला इन्चार्ज सिस्टरनी एक छोटी वाटी माझ्या हातात दिली. त्यात बीपीची गोळी होती. बेडचा नंबर आणि पेशंटचं नाव सांगून त्या फोन घ्यायला वळल्या. नंबर होता एकोणचाळीस. मला त्यातलं 'चाळीस' ऐकू आलं, 'एकोण' म्हणजे नऊ हे ओझरतं माहीत होतं. मी फोर्टी नाइनला गेले.

तिथे एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन झोपलेली असायची. केसपेपर राऊंडसाठी टेबलावर गेले होते. मी सिस्टरनी सांगितलेलं नाव घेऊन विचारलं, तुम्हीच ना?

"हाव," ती पदराआडून म्हणाली.

शाळेच्या मराठीच्या पुस्तकात हाव म्हणजे लोभ. इथे हाव म्हणजे हो. मी गोळी दिली, पाणी दिलं. तासाभरानं तिचं बीपी इतकं उतरलं की पलंगाची पायाकडची बाजू उचलून ठेवावी लागली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले तेव्हा मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे कुणीतरी उभं असावं तशी ती पाहत होती.

सोमवारी प्राचार्यांसमोर बैठक ठरली. पप्पांना लातूरहून बोलावलं. मला कॉलेजात ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय होता. तोपर्यंत मी वॉर्डात यायचं, पण कुठल्याही पेशंटला हात लावायचा नाही, असं ठरलं.

करायला काहीच नसलं की वॉर्ड वेगळा दिसतो. बाहेर ऊन पांढरं झालेलं, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, त्यामुळे आत पाण्याखाली असतो तसला उजेड. मी हात मागे बांधून उभी राहायची आणि ऐकायची. मग हळूहळू लक्षात आलं. जेवणाची गाडी यायची, मावशी एकेकीचं नाव पुकारायच्या, आणि ज्या बाईला पुकारलं तिच्या आवाजाखाली अजून एक आवाज असायचा. हाव. सुट्टी झालेल्या बायकांची नावं घेतली तरी, हाव. आवाज मोठा नव्हता. आपलीच वाट बघत होते सगळे, अशा थाटात ती ओ द्यायची. इतर बायकांना हे माहीत होतं. शेजारच्या बेडवरची मला म्हणाली, "तिच्याकडं नको बघू माय, ती समद्यांचीच हाय."

शुक्रवारी दुपारी सिस्टर जेवायला गेल्या होत्या. दारात एक माणूस आला, अहमदपूरकडचा असावा. हातात डब्याची पिशवी, टोपी घामानं ओली. त्यानं दारातूनच आपल्या काकूला नावानं हाक मारली. ती बाई सकाळीच वारली होती. बेडवरची चादरही बदलून झाली होती. तो बसमध्ये असेल, फोन लागला नसेल.

"हाव," एकोणपन्नासवरून आलं.

तो सरळ तिकडे गेला. पायाशी बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि बोलायला लागला. तूर विकली, म्हैस व्याली, रेडी झाली, धाकटीला बघायला पाहुणे येऊन गेले. प्रत्येक गोष्टीला पदराआडून हाव. कुठे थांबायचं, कुठे जरा लांबवायचं हे तिला बरोबर कळत होतं. रेडीचं सांगितल्यावर ती हसलीसुद्धा. मी आठदहा पावलांवर उभी होते. जाऊन सांगायला हवं होतं. पण त्या दोघांकडे बघताना मला वाटायला लागलं की चूक माझीच होत असेल, सकाळी गेली ती दुसरीच कुणी असेल.

मग त्यानं पाणी पाजायला पदर बाजूला केला. बराच वेळ तो त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. उठला, हात जोडले, "चुकलो माय" म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

"मंग आमची कुठंय?"

विद्यार्थिनीनं असलं काही सांगायचं नसतं. मी म्हणाले, बसा, सिस्टर येतायत. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारणं सोडून दिलं. डब्याची पिशवी तो तिथेच ठेवून गेला. आजीनं दोन्ही वेळा त्यातली भाकरी खाल्ली.

सोमवारी पप्पा पहिल्या एसटीनं आले. बैठकीत तिघी होत्या : प्राचार्या, ट्यूटर मॅडम आणि इन्चार्ज सिस्टर. पप्पा दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे. मी इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून आले होते. दुसऱ्या वाक्यावर इन्चार्ज सिस्टरनी थांबवलं.

"मराठीत सांग. काय ऐकू आलं तुला?"

मी सांगितलं. चाळीस ऐकू आलं. पुन्हा विचारायची लाज वाटली. पप्पांनी मान खाली घातली. मग मी आजीचंही सांगितलं, की नाव विचारलं होतं, पण ती कुठल्याही नावाला ओ देते. ट्यूटर मॅडम म्हणाल्या, आता पेशंटवर ढकलायलीस का? प्राचार्या उठल्या आणि म्हणाल्या, चला, बघूनच येऊ.

बेडभोवती आम्ही चौघी उभ्या राहिलो. इन्चार्ज सिस्टरनी केसपेपरवरचं नाव घेतलं. हाव. प्राचार्यांनी तिसरंच एक नाव घेतलं. हाव. त्यांनी अजून एक घेतलं, खालच्या आवाजात. ते त्यांच्या आईचं होतं, असं मला नंतर कळलं. हाव. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

मी विचारायला नको होतं, मला बोलायची परवानगी नव्हती. पण मी वाकले आणि म्हणाले, "आजी, आम्ही नाही सांगत. तुमचं नाव तुम्हीच सांगा."

ती पहिल्यांदा गप्प झाली. पदर खाली आला. डोळे लहान होते, कोरडे.

"कुनाचं सांगू?" ती म्हणाली.

इन्चार्ज सिस्टर केसपेपर घेऊन गेल्या आणि तो जिथे काढतात त्या खिडकीवर विचारून आल्या. आजीला कुणीतरी बसस्टँडवरून आणून सोडलं होतं. सोबत कुणी नव्हतं. खिडकीवरच्या माणसाला ती आदल्या वर्षी येऊन गेलेल्या एका बाईसारखी वाटली. त्यानं त्या बाईचं नाव घेऊन विचारलं, आणि हिनं काय म्हटलं असेल ते आता सगळ्यांना कळलं. त्या बाईचा जुना कागद निघाला, त्यावरचं शुगरचं, बीपीचं औषध हिला सुरू झालं. तीन आठवडे. मी जे एकदा केलं होतं ते रोज दोन वेळा होत होतं, नीट सही करून.

व्हरांड्यात उभ्याउभ्याच औषधं बंद करून तपासण्या नव्यानं करायच्या ठरल्या. माझ्याबद्दल प्राचार्या एवढंच म्हणाल्या की या पेशंटचं सगळं नीट कळल्याशिवाय हिचा निर्णय करता येणार नाही, मग बघू.

औषधं थांबल्यावर आजी उठून बसायला लागली. चहा मागायची. केसपेपरवर आता 'अनोळखी स्त्री' लिहिलं होतं, आणि त्या हाकेला मात्र ती ओ देत नव्हती. एका दुपारी मी आले तर बेड रिकामा होता. संडासात, व्हरांड्यात, गेटवर, सगळीकडे शोधलं. गेटवरचा शिपाई म्हणाला, एक जण डबा घेऊन आला होता, आतल्या कुणाचं तरी नाव घेत होता, एक म्हातारी त्याच्यासोबत गेली. कसला माणूस, कुठला, त्याला सांगता येईना. सिस्टर पेन घेऊन बसल्या, पण कोण गेलं हे लिहायचं कसं, ते कुणालाच सुचेना.

माझी बैठक पुन्हा झाली नाही. मला काढलं नाही आणि ठेवलं असंही कुणी म्हटलं नाही. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. हजेरी घेतात, पोस्टिंगला पाठवतात, परीक्षेला बसू देतात. पप्पा सुरुवातीला दर रविवारी फोनवर विचारायचे, त्या दिवसाचा निकाल लागला का. मी म्हणायची, नाही अजून. हल्ली ते विचारत नाहीत. हजेरीला माझं नाव येतं तेव्हा मी लगेच बोलत नाही. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहीपर्यंत थांबते.