आईच्या कानाला बसेल असा हेडफोन

माझे कान तयार आहेत, हा माझा तरुणपणातला मोठाच अहंकार. गळा देवानं दिला नाही, पण तंबोऱ्याची तार जरा उतरली तरी मला चैन पडत नसे. त्यामुळे आईसाठी हेडफोन घ्यायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

मद्रासला, वेस्ट मांबलममध्ये, दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. अप्पा, आई आणि मी. घराणं तंजावरचं, म्हणून घरात मराठी, तीही निम्मी तामिळ. अप्पांना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी मी नुकताच कारकून झालो होतो. त्यांचं डावं अंग लुळं पडलं, बोलणं जड झालं, आणि आवाज म्हणून सोसेनासा झाला. वाटी पडली तरी कपाळ धरायचे. आईनं रेडिओवर जुन्या साडीचा तुकडा टाकला आणि विषय संपवला.

आई लहानपणी तंजावरात गाणं शिकलेली. लग्नानंतर शिकणं सुटलं, ऐकणं तेवढं राहिलं. रेडिओवरची एक कचेरी (आमच्याकडे गाण्याच्या मैफलीला कचेरीच म्हणतात) तिला आठवडाभर पुरायची. भाजी चिरताना, फुलं ओवताना तोच राग तोंडात. रेडिओ झाकला गेला तसं ते गुणगुणणंही बंद झालं. तक्रार? नाव नको! पण ती आतून वाळत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

हेडफोन तेव्हा मिळायचे ते सेंट्रल स्टेशनाजवळच्या जुन्या बाजारात. लष्करानं मोडीत काढलेला माल तिथं यायचा, आणि माझ्या खिशाला झेपणाराही तोच. दुकानदारानं तीन समोर ठेवले. एकाला कानाशी चामड्याच्या मऊ गाद्या होत्या. किंमत ऐकली आणि मी तो हळूच खाली ठेवला. दुसरा हलका, घातलाय हेही कळू नये असा. पण त्यातला गवई डब्यात कोंडलेल्या माशीसारखा वाटायचा. तिसरा काळा, जड, पोलादी पट्टीचा. दुकानदारानं तो आपल्या छोट्या रेडिओला लावून दिला आणि अहाहा! मृदंगाचा घुमारा निराळा, तंबोरा निराळा. मी डोळे मिटून बसलो तो बसलोच. शेवटी दुकानदार म्हणाला, "सार, विकत घेणार की इथंच कचेरी संपवणार?"

कानाला थोडा दाबत होता खरा, पण एवढ्या सुरांसाठी एवढं चालायचंच, असं म्हणून मी तो घेतला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून घरच्या रेडिओला मागे जोडणी करून घेतली. हेडफोन लावला की बाहेर जराही आवाज येणार नाही. मग मोठ्या ऐटीत आईच्या डोक्यावर चढवला.

तिचा चेहरा असा काही उजळला म्हणता! आणि लगेच कसनुसा झाला. "छान आहे रे," म्हणाली, पण थोड्या वेळानं काढून ठेवला. बघतो तर दोन्ही कानांमागे लालभडक वळ. तिच्या कानांत खड्यांच्या कुड्या होत्या, मागे फिरकीच्या. हेडफोन पुढून कुडी दाबायचा आणि मागची फिरकी कानामागे रुतायची. मी दुकानात बसून सूर पारखले, ताल पारखला. ज्या कानांसाठी घ्यायचा ते कान जन्मभर समोर असून पाहिले नव्हते. असा मी अक्कलवान!

कापूस लावून पाहिला, तर सूर दोन घरं पलीकडे गेले. बदलून हलका आणतो म्हटलं, तर म्हणाली, "त्यात तंबोरा ऐकू येत नाही म्हणालास ना? मग तो काय करायचाय?"

"मग ऐकताना कुड्या काढून ठेव."

"अय्यो! जिभेला काही हाड? हे असे अंथरुणावर, आणि मी रिकाम्या कानांनी बसू?"

ती रागावली नव्हती, घाबरली होती. सवाष्णीचे कान बोडके दिसले की नवऱ्यावर बेततं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यापुढे माझं शहाणपण काय चालणार? चार-सहा दिवस ती तशीच ओठ घट्ट मिटून ऐकत राहिली. ऐकणं कसलं, सोसणंच ते! मला हेडफोन खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटे.

रविवारी संध्याकाळी कचेरी सुरू व्हायला आली तरी ती हेडफोनला हात लावीना. तेव्हा खाटेवरून अप्पांनी हाक मारली. हाक कसली, घशातला आवाज. त्यांनी उजव्या हातानं आपला लुळा डावा हात उचलला, पांघरुणावर उताणा ठेवला आणि आईला म्हणाले, "काढ. इथं ठेव."

"भलतंच काय!"

"माझ्याकडे आहेत," एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, "म्हणजे काढल्या कुठं?"

 आई पाठमोरी झाली, तिनं फिरक्या सोडवल्या, आणि दोन्ही कुड्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या. अप्पांनी उजव्या हातानं ती बोटं एकेक करून मिटली आणि वर तो हात ठेवला. आईनं हेडफोन लावला. सुरुवातीला तिची नजर त्या मुठीवरून हलेना. पण गवई रंगात आला असावा, कारण हळूहळू तिचे डोळे मिटले आणि मांडीवर ताल पडू लागला. खोलीत आवाज नव्हता, नुसती तिची थाप. त्या थापेनं अप्पांनी कपाळ धरलं नाही. माझेच डोळे भरून आले, उगाच शहाळं आणायच्या निमित्तानं मी खाली उतरलो.

परत आलो तेव्हा कचेरी संपली होती. आईनं हेडफोन कानांवरून सरकवला आणि हात पुढे केला, "द्या आता."

अप्पांनी मूठ सोडली नाही, उलट वरचा उजवा हात आणखी घट्ट दाबला. "बातम्या," म्हणाले. "बातम्या ऐक."

कचेरीनंतर लागायच्या त्या इंग्रजी बातम्या. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं हेडफोन पुन्हा नीट बसवला आणि अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत शेवटपर्यंत ऐकल्या.