शेरूच्या पोटात कोणी काय घातले?

आज चंपाषष्ठी. सकाळी साडेनऊला मी अंघोळीला गेले तेवढ्यात आपल्या गल्लीने माझ्या दीड महिन्याच्या पिल्लाला, शेरूला, खंडोबाचा कुत्रा म्हणून नैवेद्य चारला. शेजारणींनो, हा कागद मुद्दाम पारावर लावते आहे.

आठ दिवस मी त्याला शेळीच्या पातळ दुधावरून भाकरीवर आणत होते. रोज काला एकच चमचा वाढवायचा, पोट बिघडले की थांबायचे. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पिल्ले अशीच वाढवीत. आणि आज? रोडगे आणि कांदा घातलेले वांग्याचे भरीत!

दुपारपासून तो ओकतो आहे. मी दारापासून अंगणापर्यंत नुसत्या फेऱ्या घालते आहे.

समोरच्या वाणीणकाकू म्हणाल्या, "लई न्हाई बाई, येकच घास दिला. देवाचं हाय, त्येनं काय हुतंय?"

काकू, गल्लीत घरे अकरा आहेत. प्रत्येकीचा एकच घास!

सिरसाळ्याहून जनावरांचे डॉक्टर सहाला येतील. काय खाल्ले ते कळल्याशिवाय औषध देणार नाही, असा त्यांचा निरोप आहे. तेव्हा प्रत्येकीने काय आणि किती चारले ते पावणेसहाच्या आत लिहून द्यावे. लिहिता येत नाही म्हणू नका; तुमच्यातल्या निम्म्याजणींना पाटीवर मीच गिरवायला शिकवले आहे.