बांगड्या काढायला मीच सांगितलं

मी तांबट. शाळा चौथीपर्यंत, पुढं हातोडी. आमच्या आळीत दिवसभर हंडे-घागरी ठोकायचा आवाज, म्हणून मला मोठ्यानं बोलायची सवय. बायको म्हणायची, "जरा हळू बोला, मी काय नदीपल्याड पंचवटीत बसलेय का?"

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमाराला तिचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग पेटत्या स्टोववर रिकामं पातेलं. मग ती घरातून निघून चांदवडच्या गाडीत जाऊन बसायला लागली, माहेरी आई वाट बघतेय म्हणून. आई जाऊन वीस वर्षं झालेली. कंडक्टर ओळखीचा झाला, तो तिला उतरवून बाकावर बसवून ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदू आटत चाललाय, यावर औषध नाही. लेकी दोघी आपापल्या घरी. मी दुकान बघू का तिच्यामागं फिरू? एक दिवस स्टोवचा भडका उडाला, पदर जळाला. तेव्हा त्र्यंबकच्या रस्त्याला निराधार म्हाताऱ्या बायकांचा एक आश्रम होता, तिथं तिला ठेवली. अशा माणसांसाठी दुसरी जागा मला तरी कुणी सांगितली नाही. मंगळसूत्र घरी आणून पेटीत ठेवलं, तिथं हरवलं असतं.

महिनाभरानं तिथली मावशी म्हणाली, "काका, ह्या दारावर हात आपटतात. बांगड्या फुटून मनगट कापलं. काय करू?"

"काढून टाका."

"सगळ्या? एकेक तरी राहू द्या हातात."

"सगळ्या काढा म्हटलं ना. रक्तापेक्षा बांगडी मोठी आहे का?"

मला वाटलं, शहाण्यासारखं बोललो. कुंकू तर आंघोळीत रोजच पुसलं जायचं, परत लावणार कोण?

पुढच्या रविवारी गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावरून पदर. शेजारी बसलो तशी सरकली.

"लांब बसा. परक्या बाईला चिकटून बसता, लाज नाही वाटत?"

"अगं, मी आहे."

"मी म्हणजे कोण? आमचे मालक गेले." तिनं दोन्ही हात पुढं केले. "दिसत नाही का तुम्हाला?"

मनगटं मोकळी होती. मी उठून समोर जाऊन बसलो.

मग दर रविवारी मी समोर परक्यासारखा बसायचो आणि ती मेलेल्या मालकांचं सांगायची. "तापट फार. हात भाजला तरी कुणाला सांगायचे नाहीत. पण भाजी चांगली झालीय, असं जन्मात कधी म्हणाले नाहीत. एकदा म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती?"

मी म्हटलं, "चांगलीच व्हायची भाजी."

"तुम्हाला काय ठाऊक?"

प्लॅस्टिकच्या बांगड्या नेऊन बघितल्या. त्या तिनं शेजारच्या म्हातारीला देऊन टाकल्या. शेवटी आळीतल्या कासारणीला घेऊन गेलो. बायको हात मागं घेऊन तिच्यावरच ओरडली, "विधवेला बांगड्या भरतेस? पाप लागेल तुला!" कासारीण समोर बसली, हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबायला लागली. आणि तो हात आपोआप सैल पडला, अंगठा आत मुडपला. इतक्या वर्षांची सवय हाताला, डोकं नसलं म्हणून काय झालं! हिरव्या सहा भरल्या. ती बघत राहिली. मग मान वर केली.

"अहो! केव्हा आलात? जेवलात का? चला, घरी जाऊ."

आश्रमाच्या बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, काच इथं चालायची नाही. तुम्हीच काढायला सांगितलं होतं. नाहीतर घरी न्या."

घरी न्या. मला स्टोव दिसला, चांदवडची गाडी दिसली. म्हातारा आहे, एकटा आहे, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी दमलो होतो, आणि एवढे दिवस निवांत जेवलोही होतो. मावशीला ती बांगड्यांना हात लावू देईना. मग मीच तिचा हात धरला. माझ्या हातात तिनं तो सैल सोडला. एकेक करून सहाही मी उतरवल्या. नवरा मेल्यावर बायकोच्या बांगड्या उतरवतात. मी जिवंतपणी उतरवल्या, स्वतःच्या हातानं.

पुढच्या रविवारी ती मला म्हणाली, "आमचे मालक असते तर त्यांनी मला इथं ठेवलं असतं होय?"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

ती थंडीत गेली, झोपेतच. आळीत आणली. बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. मी पेटीतलं मंगळसूत्र काढून दिलं. कासारीण आली, तिनं तसाच अंगठा दाबला, तेल लावलं. दोन बांगड्या फुटल्या.

"काका, हात सैल सोडत नाहीत ह्या."

"राहू दे," मी म्हटलं. पण तिनं मोठ्या मापाची एकेक कशीतरी चढवलीच.

बायका तिच्या पायाला हात लावून म्हणत होत्या, "भाग्याची गं! अहेव गेली." मी कोपऱ्यात उभा होतो. ती विधवा म्हणूनच गेली, हे त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं.